आक्काचं कासव

फकिराला आलं लावायची बुद्धी झाली ती सासुरवाडीत. पिशोरला मेहुण्याच्या लेकीच्या लग्नाला गेला, तर मेहुण्यानं आल्याच्या जिवावर बांधलेला बंगला त्याला खोली खोली फिरवून दाखवला. न्हाणीघरातली फरशीसुद्धा दाखवायची सोडली नाही. फकिरानं तोंडदेखलं कौतुक केलं. परतताना एस्टीत त्याची बायको आशाबाई एवढंच म्हणाली, "आपून काय जलमभर रोडावर पेरूच ईकीत बसायचं का?" तेवढं पुरलं. माणसाला वाकडी वाट धरायला फार मोठं कारण लागतच नाही.

आता आलं म्हणजे सदा पाणी मागणारं पीक, आणि दौलताबादच्या किल्ल्याखालच्या त्या शिवारात पाणी होतं ते बेताचं. पोलीस ॲक्शननंतर मुलूख निवळला तेव्हा फकिराच्या बापानं, कडूबानं, स्वतः सुरुंग लावून तिथं दोन विहिरी खणल्या होत्या. थोरली पुढं फकिराला आली. धाकटी विहीर आणि तिच्याभोवतीचा पेरूचा तुकडा कडूबानं थोरल्या लेकीला, सरूबाईला दिला. कारण ती भर तारुण्यात पांढऱ्या कपाळानं, कडेवर पोर घेऊन माहेरी परत आली होती. दोन्ही विहिरींचा झरा एकच. म्हणून कडूबानं पाळी लावून दिली. सकाळची मोटर लेकीची, दुपारनंतरची लेकाची, आणि एकाची चालू असली की दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही. बाप गेला, तरी ती पाळी कुणी मोडली नव्हती. फकिरा तर सरूबाईच्या, म्हणजे त्याच्या आक्काच्या, कडेवरच वाढलेला. तिला उलटून बोलायचंही त्याला कधी सुचलं नाही.

लेक परत आली त्या दिवसांत कडूबानं आणखी एक केलं होतं. तळ्यातून कासवाचं पिल्लू आणून धाकट्या विहिरीत सोडलं होतं. विहिरीत जीव असला की विहीर जिती राहते, असं तो म्हणायचा. ते पिल्लू आता ताटाएवढं झालं होतं. आक्का रोज सकाळी विहिरीच्या पायरीवर बसून त्याला भाकरीचा तुकडा टाकायची आणि घरची-दारची सगळी हकीकत सांगायची. तिचा मुलगा बद्रीनाथ वाळूजला कंपनीत लागला होता, तिकडंच बिऱ्हाड करून राहत होता. मग म्हातारीनं बोलायचं तरी कुणाशी?

आल्याचं बेणं आलं, लागवड झाली, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर थोरली विहीर दमायला लागली. फकिरानं सांडूला बोलावलं. सांडूचा धंदा आडव्या बोअरचा. उभं बोअर मारायचं तर गाडी येते, धुरळा उडतो, साऱ्या गावाला कळतं. आडव्याचं तसं नाही. मशीन दोरानं विहिरीत उतरवायचं आणि विहिरीच्या भिंतीला आत आत भोक पाडत जायचं, पाणी असेल त्या बाजूला. वरून पाहणाऱ्याला विहीर आपली होती तशीच दिसते. भोक कुठं गेलं, ते मारणाऱ्याला ठाऊक आणि मारून घेणाऱ्याला.

"कोनत्या अंगाला मारू?" सांडूनं विचारलं.

फकिरानं उगवतीकडं हात केला.

"तिकडं आक्काची हीर हाय ना?"

"लांब हाय ती. तू मार."

सांडूनं खांदे उडवले. त्याला काय, त्या उन्हाळ्यात तो शिवारभर फिरत होता, आणि जिथं जाई तिथं माणसं शेजाऱ्याच्याच रानाकडं बोट दाखवत होती.

मशीन सुरू झालं आणि बघतो तर आक्का बांधावरून येतेय. हातात नारळ, पदराखाली दहीभाताची वाटी. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड होते, पाण्याच्या सात आसरा. आक्कानं त्यांच्यापुढं दहीभात ठेवला, नारळ फोडला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, माह्या भावाच्या हिरीला पाणी लागू द्या. त्याचं आलं जगू द्या." मग खोबऱ्याचे तुकडे वाटता वाटता तिनं सहज विचारलं, "कोनत्या अंगाला चाललंय रं?"

"डोंगराच्या," फकिरा म्हणाला. डोंगर मावळतीला होता.

"बेस झालं," आक्का म्हणाली आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडात घातला.

पाणी लागलं. नुसतं लागलं नाही, भिंतीतून धार उसळली आणि सांडूचा माणूस नखशिखांत भिजला. आक्कानं पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. निघताना सांडूनं फकिराला बाजूला घेतलं आणि बाभळीच्या लाकडाचा एक गुट्टा त्याच्या हातात दिला, पोतं गुंडाळलेला. "आक्काची हीर उतरायला लागली तं हे भोकात ठोकून दे. धार थांबती," म्हणाला. फकिरानं गुट्टा मोटरीच्या खोलीत, खुंटीला लटकवला.

आक्काची विहीर उतरायला लागलीच. आधी एक पायरी उघडी पडली, मग खालची, मग ज्या कपारीत कासव बसायचं ती. फकिराला सगळं दिसत होतं. मोटर चालू करायला गेला की खुंटीवरचा गुट्टा पहिल्यांदा डोळ्यांपुढं यायचा. एकदा तो हातात घेऊन बाहेरही आला. दारात आशाबाई उभी. तिला काही सांगावं लागलं नाही. "आलं निघू द्या," ती म्हणाली. "मंग ठोका. कुठं पळून चाललंय का ते?" फकिरानं गुट्टा परत जागेवर ठेवला, आणि खरं सांगायचं तर बायकोनं आपल्याला अडवलं म्हणून त्याला बरंच वाटलं.

आक्कानं मात्र भावावर शंका घेतली नाही. तिनं आपल्या मनाशी वेगळाच उलगडा केला होता.

"माहंच चुकलं रं," एके दिवशी ती त्याच्या ओसरीवर येऊन म्हणाली. "मी आसरांना तुह्यासाठी पाणी मागितलं. त्या तरी कुठून देतील? त्यांनी माहं उचलून तुला दिलं. मागताना मी नीट बोलले नाय. माहं ठिवून द्या म्हनायला पायजे होतं."

आशाबाई भांडी घासायच्या निमित्तानं आत गेली.

"पर जाऊ दे," आक्का म्हणाली, "तुला दिलं म्हंजे घरातच ऱ्हायलं."

तिथं बोलायला हवं होतं त्यानं. एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी तो म्हणाला, "आक्का, माह्या हिरीचं पाणी नेत जा पेरूला. तुहंच हाय ते." या वाक्यात किती खरं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग ती म्हातारी सकाळ-संध्याकाळ हंडा डोक्यावर घेऊन बांध ओलांडायला लागली. एक हंडा या झाडाला, एक त्या झाडाला. मंगळवारी उपास धरून आपल्या कोरड्या विहिरीच्या पायरीवर हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायची, आसरांची मनधरणी करायची. गावातली माणसं फकिराला वाखाणायची, भाऊ असावा तर असा, स्वतःचं आलं तहानलेलं ठेवून बहिणीला पाणी देतो. फकिरा ते ऐकून मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, बिचारा विनयानं खाली बघतो.

हंड्यांनी बाग जगत नसते. पेरूंनी आधी फळं टाकली, मग पानं. एके सकाळी आक्काचा पाय बांधावरून घसरला, हंडा गेला आणि कंबरही धरली. बद्रीनाथ वाळूजहून रिक्षा घेऊन आला. म्हणाला, "आता इथं काय उरलंय तुहं? चल." आक्का रडली नाही. एकेका झाडाच्या खोडाला हात लावत फिरली फक्त. तेवढं बघणं फकिराच्या जिवावर आलं.

रिक्षात बसण्याआधी तिनं बद्रीनाथला विहिरीत उतरवलं. तो वर आला तेव्हा त्याच्या घमेल्यात ओल्या पोत्याखाली कासव होतं. आक्कानं घमेलं फकिराच्या पुढ्यात ठेवलं.

"आबानं सोडलं होतं माह्यासाठी. माह्या हिरीत आता चिखल बी नाय. तुह्या हिरीवर आसरा खूश हायेत, तुह्याकडं ऱ्हाऊ दे. बोलत जा त्याच्याशी. त्याला सवय हाय." मग त्याच्या तोंडावरून हात फिरवून ती म्हणाली, "आन तू वंगाळ नको वाटून घिऊ. तुहा काय दोष त्याच्यात?"

रिक्षा किल्ल्याच्या वेशीकडं वळली आणि फकिरा धावत मोटरीच्या खोलीत गेला. गुट्टा काढला, हातोडा घेतला आणि कासवाचं घमेलं काखेला मारून विहिरीत उतरला. आक्काला परत आणीन, आधी तिचं पाणी तिला देतो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भोकापाशी पोचला आणि थांबला. धार कुठं होती? भोकाच्या ओठावरून थेंब थेंब ओघळत होतं. काही दिवसांपासून मोटर मध्येच हवा ओढत होती, ती उन्हाळ्यानं, असं तो स्वतःला समजावत आला होता. त्यानं भोकात हात घातला. आत कोरडं, आणि बोटांना थंड वारा लागला. त्यानं गुट्टा ठोकला तरीही. ठोकत राहिला, आणि ठोकता ठोकता ढसाढसा रडला. अडवायला पाणीच राहिलं नव्हतं.

पुढं थोरली विहीरही गेली. कुणी ओढली, कुणाच्या भोकानं, विचारायची सोय नव्हती. ज्याला विचारावं त्याच्या विहिरीतही सांडू उतरून गेलेला. आलं उभ्या उभ्या पिवळं पडलं. वस्तीवर टँकर यायला लागला, आणि जी माणसं परवापर्यंत एकमेकांच्या लग्नात वाढपी होती ती हंड्यावरून एकमेकांच्या अंगावर जायला लागली. आशाबाई पिशोरचं नाव काढेनाशी झाली. कासवाला फकिरानं विहिरीतून वर काढून दारातल्या निळ्या ड्रममध्ये टँकरचं पाणी घालून ठेवलं.

एका सकाळी आक्काचा फोन आला.

"फकिरा, कासव कसंय रं?"

"बरं हाय, आक्का."

"पायरीवर येतं का सकाळचं?"

फकिरानं ड्रममध्ये बघितलं. "येतं," म्हणाला.

"भाकर टाकीत जा. आन हिरीला पाणी?"

"हाय. लई हाय, आक्का."

"इथं नळाला आठवड्यानं पाणी येतं बघ. रांगेत उभं ऱ्हाऊन कंबर मोडती. पर तुह्या हिरीची याद आली की जीव गार व्हतो. मी रोज आसरांना म्हनते, माहं गेलं तं जाऊ द्या, त्याचं तेवढं आटू देऊ नका. आता नीट मागते मी."

"आक्का," फकिरा म्हणाला. "आक्का, आयक..."

"बोल की."

ड्रमच्या तळाशी कासव मान आत ओढून बसलं होतं.

"काय नाय," तो म्हणाला. "भाकर टाकतो त्याला."