खिळ्यावरचं हेल्मेट

सुशील ड्युटीवरून आला आणि जेवून आडवा झाला, की त्याचं पिवळं हेल्मेट दाराबाहेरच्या खिळ्यावर चढायचं. ते चढलं की भिलाईतल्या मरोद्याच्या त्या क्वार्टरमधला आवाज बंद.

ही युक्ती दिपालीची. लग्न होऊन आली तेव्हाच तिनं ठरवून टाकलं होतं, की पोलाद कारखान्यात भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची झोप पुरी झालीच पाहिजे, मग ती रात्री होवो की भरदिवसा. पण आधी बेल वाजायची, भाजीवाला ओरडायचा, वरच्या मजल्यावरच्या वसुंधराबाईंना मसाला कुटायची हुक्की नेमकी नाईट शिफ्टच्या हप्त्यात यायची. किती जणांची तोंडं धरणार? मग एक दिवस तिनं हेल्मेट बाहेर टांगलं आणि सगळ्यांना एकेकदा समजावून सांगितलं. तेव्हापासून भाजीवाला ठेला दोन घरं पुढे नेऊन हाळी द्यायला लागला, वसुंधराबाई खलबत्ता गच्चीवर न्यायला लागल्या.

घरात तर तिनं कमालच केली होती. शिट्टी होणार असं वाटलं की कुकरच्या जवळ जाऊन ती चिमट्यानं हलकेच वाफ सोडायची. दारांच्या बिजागऱ्यांना दर पंधरा दिवसांनी तेल. दोन वर्षांच्या गोलूच्या वाजणाऱ्या बुटांतली पुंगी आणल्या दिवशीच काढून टाकलेली. सगळं गाव पोलाद बनवतं, आणि हिच्या घरी स्टीलचे पेले माळ्यावर! पोरांना प्लास्टिकचे, पडले तरी हरकत नाही.

मोठी नीतू पाच वर्षांची. ती तर रांगायच्या आधीच हे सगळं शिकली. भूक लागली की ओरडणं नाही, येऊन पदर ओढायची. पडली तर आधी खिळ्याकडे बघायची आणि मग ठरवायची, रडायचं का नाही ते.

"दिपाली, तुझ्या घरी लेकरं हायेत असं वाटतच नाई वो," ब्लॉकमधल्या बाया म्हणायच्या. दिपाली फुलून जायची. कौतुक म्हटलं की माणूस अर्धंच ऐकतं, तिनंही अर्धंच ऐकलं.

फक्त सासू सिंधुताईंना हे पटलं नव्हतं. त्या अर्जुनीहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून बसल्या.

"कावून, मामी? काई चुकलं का आमचं?" दिपालीनं विचारलं. कुजबुजतच, कारण हेल्मेट बाहेर होतं.

"चुकलं काई नाई बापा. पण बोलनं गिळून गिळून माह्या पोटात गोळा उठून राहिला. लेकरं वाढवून राहिली का मांजरी पाळून राहिली तू?"

दिपालीनं ओठांवर बोट ठेवलं. सिंधुताईंनी कपाळाला हात लावला आणि दुपारच्या गाडीनं गेल्या.

दिवाळीनंतर शाळेतून बोलावणं आलं. नीतू केजी टूमध्ये होती. तिच्या दुर्गा मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड, त्यामुळे त्यांचं म्हणणं जास्तच लागलं. मॅडम म्हणाल्या, नीतूला सगळं येतं, लिहिते छान, चित्रं तर वर्गात सगळ्यांत सुंदर. पण बोलत नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. "एक बार कान चेक करवा लीजिए. और अगले शनिवार को ओरल है. अगर तब भी नहीं बोली, तो मैं तो कहूँगी एक साल और केजी में रहने दीजिए."

एक साल और. दिपाली घरी आली ती हेच तीन शब्द डोक्यात घेऊन. नीतूच्या मैत्रिणी पहिलीत जातील, आणि ही तिथंच, तेच ते रंगीत ठोकळे रचत बसेल. का, तर मुकी आहे म्हणून! घरी तर बोलते की. कपाटामागे बसून गोलूला अख्ख्या गोष्टी सांगते, कानात.

सुशीलनं ऐकलं आणि तो भडकला. "माही पोट्टी गुणाची हाय म्हणून बोलत नाई. बाकीचे कल्ला करतात, ते चांगले का?"

"अजी, पण मॅडम म्हणतात तं कान दाखवून घेऊ ना."

कान दाखवले. नीतूला मशीनसमोर बसवलं, कानांवर डबडी लावली. डॉक्टर म्हणाले, "हिला तर सुई पडलेली ऐकू येईल." सुशीलनं दिपालीकडे असं बघितलं, की बघ, मी म्हणत नव्हतो! पण मग शाळेत हिला होतं काय, हे डॉक्टरांच्या कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

तो कागद घेऊन दिपाली बुधवारी सुट्टीच्या वेळी शाळेत गेली. पोरं बसकरं आवरत होती. मॅडमनी तिला वर्गातच बोलावलं. दिपालीनं दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि सांगायला लागली, की कान ठीक आहेत, डॉक्टरांनी असं असं म्हटलं.

मॅडम पुढे झुकल्या. "जी?"

दिपालीनं पुन्हा सांगितलं.

"थोड़ा ज़ोर से बोलिए ना, सुनाई नहीं दे रहा."

आपण कुजबुजतो आहोत हे दिपालीच्या तेव्हा लक्षात आलं. इथं कशाला? चाळीस पोरांचा गोंगाट चाललेला, आणि आपला आवाज घशातच का बसला? तिनं वर बघितलं. समोरच्या भिंतीवर रंगीत कागदाची पट्टी होती, ‘हमारे मददगार’. खाली ओळीनं खिळे. एकावर पोलिसाची टोपी, एकावर डॉक्टरांचा पांढरा कोट, एकावर पोस्टमनची झोळी. आणि मधोमध, फळ्याच्या अगदी शेजारी, पिवळं हेल्मेट. भिलाईच्या शाळेत मददगार म्हटल्यावर ते असणारच.

दिपालीनं नीतूकडे बघितलं. नीतूनं ओठांवर बोट ठेवलं, आईची चूक झाली आहे अशा समजुतीनं, आणि डोळ्यांनी खिळा दाखवला.

दिपालीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. जूनपासून ही पोर त्या वर्गात कुणाची तरी झोप सांभाळत बसली होती. बाकीची पोरं ओरडतात म्हणजे तिला किती वाईट वाटत असेल!

तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग हसता हसता थांबल्या आणि उठून त्यांनी हेल्मेट काढून कपाटात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी नीतू घरी आली. तिनं चपला काढायच्या आधीच दिपालीनं विचारलं, "काय झालं शाळेत?"

"मम्मी, मॅडमचे बाबा उठले," नीतू खुशीत म्हणाली. कुजबुजतच.

"मंग तू बोलली का?"

नीतूनं मान हलवली. "निकलता ही नहीं है."

हेल्मेट काढलं, पण घशातलं काही निघालं नव्हतं. आणि शनिवार परवा होता.

तो हप्ता सुशीलच्या सेकंड शिफ्टचा. दुपारी निघायच्या आधी दिपालीनं त्याला खिळ्यांची सगळी हकिगत सांगितली. तो बूट घालता घालता थांबला. एकच लेस हातात धरून बसला.

"म्हणजे माह्या झोपेनं पोरीचा आवाज खाल्ला?"

"तुमच्या नाई. मी खाल्ला. मीच शू शू करत राहिली ना जन्मापासून."

"मले तं तिचा आवाजच माहीत नाई वो," तो म्हणाला. "खरंच. कोनी फोनवर ऐकवला तं वळखू येनार नाई मले." मग उठला. "उद्यापासून ते हेल्मेट लटकवू नको."

"आन् तुम्ही? अर्ध्या झोपेत भट्टीपुढे उभे राहाल? ते मी होऊ देनार नाई."

तो हेल्मेट डोक्यावर चढवून गेला.

संध्याकाळी पाचला दिपालीनं गोलूला कडेवर घेतलं, नीतूचं बोट धरलं आणि क्वार्टरांच्या मागच्या मैदानात गेली. एका टोकाला पोरं क्रिकेट खेळत होती. तिनं नीतूला चिंचेखाली उभं केलं, आपण पन्नास पावलं लांब गेली आणि हातानं खूण केली: हाक मार मला.

नीतूचे ओठ हलले.

"अजून जोरात!" दिपाली म्हणाली. आणि तिला कळलं, की आपलंही पन्नास पावलांवर पोचलेलं नाही. तिनं पुन्हा जोर लावला. आवाज निघाला तो फाटका, बारीक, जणू कुणा दुसरीचाच. लग्नानंतरच्या सात वर्षांत ती कधी ओरडलीच नव्हती.

आणि ही कोण होती? साकोलीजवळच्या गावात बापाच्या बांधीत मचाणावर बसून धानावरची पाखरं हाकणारी पोरगी. धान भरायला आलं की शाळा सुटल्यावर तिचीच पाळी. तिची एक आरोळी गेली की तीन बांध्यांतली पाखरं उठायची. बाप म्हणायचा, गोफण कशाले पायजे, दिपी हाय ना!

दिपालीनं गोलूला गवतावर बसवलं. इकडे तिकडे बघितलं. क्रिकेटवाले बघत होते. बघू देत. तिनं पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले, पोट आत ओढलं.

"हाऽऽऽ हुर्र्र्र! हाऽऽऽ हो!"

चिंचेवरचे सगळे बगळे एकदम उठले. बॉलिंग टाकणारा पोरगा मध्येच थांबला. गोलू दचकून आधी रडायच्या बेतात आला, मग टाळ्या पिटायला लागला. आणि नीतू? तोंड उघडं टाकून आईकडे बघत उभी. ही आपलीच मम्मी आहे का, असं.

"असं करतात," दिपाली धापा टाकत म्हणाली. "घशातून नाई, पोटातून. ते बगळे परत बसून राहिले बघ. उडव त्यांले!"

नीतूनं आधी सवयीनं मागे वळून बघितलं. मैदानात खिळा नव्हता. तिनं पोटावर हात ठेवला. पहिल्यांदा नुसता श्वास गेला. दुसऱ्यांदा चिरका काही तरी आवाज. चौथ्या की पाचव्या खेपेला एक बगळा उठला. एकच, आणि कदाचित आपल्या कामानं उठला असेल. पण नीतूला तेवढं पुरलं. अंधारून येईपर्यंत मायलेकी त्या बिचाऱ्या बगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. घरी येताना दोघींचे घसे बसले होते.

शनिवारी दिपाली शाळेच्या फाटकाबाहेर, वर्गाच्या खिडकीसमोर उभी राहिली. आतलं दिसत नव्हतं. एकेका पोराचा पुसट आवाज येत होता. मग मॅडम म्हणाल्या, "नीतू, आपके पापा क्या करते हैं?"

काही नाही. दिपालीनं फाटकाची सळई घट्ट धरली. तिचा स्वतःचाच हात पोटावर गेला.

"मेरे पापा लोहा बनाते हैं! फिर सोते हैं!"

बगळे उडवायच्याच आवाजात. शेजारच्या वर्गातल्या बाई काय झालं ते बघायला बाहेर आल्या. आत सगळी पोरं हसत सुटली आणि मॅडम म्हणत होत्या, "बस, बस बेटा, इतना ज़ोर से नहीं!" फाटकावरच्या चौकीदारानं दिपालीला विचारलं, "क्या हुआ बहनजी, रो क्यों रही हो?" ती काय सांगणार?

पहिलीचं तर झालं. पण सोमवारपासून नाईट शिफ्ट होती, आणि मंगळवारी सकाळी सुशील झोपल्यावर दिपाली हेल्मेट हातात घेऊन दारात उभी राहिली. टांगावं तर पोरीचं कसं? न टांगावं तर त्याचं कसं?

शेवटी तिनं टांगलं. पण खिळ्याच्या खाली एक छोटं स्टूल आणून ठेवलं. नीतू शाळेतून आली तेव्हा तिला घड्याळ दाखवलं. लहान काटा दोनवर आला, की स्टुलावर चढून हेल्मेट काढायचं आणि बाबांना उठवायचं. हे काम आता तुझं. माझं नाही, अलार्मचं नाही.

"हाक मारून?" नीतूनं कुजबुजत विचारलं.

"हाक मारून."

नीतू दीड वाजल्यापासून स्टुलावरच बसली. दोन वाजले तेव्हा तिनं हेल्मेट उतरवलं, ते स्वतःच्याच डोक्यावर घातलं आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. हेल्मेट नाकापर्यंत आलं होतं.

"बाबा," ती कुजबुजली.

सुशील हलला नाही. दिपाली स्वयंपाकघराच्या चौकटीतून बघत होती. तिला तिथून त्याचं तोंड दिसत होतं. डोळे टक्क उघडे, भिंतीकडे लागलेले. कधीचा जागा होता कोण जाणे. त्यानं दिपालीला बघितलं आणि हळूच मान हलवली: थांब, बोलू नको.

मग त्यानं पुन्हा डोळे मिटून घेतले आणि वाट बघत पडून राहिला.

नीतूनं पोटावर हात ठेवला.