घड्याळाच्या आधी

"झालं का मावशी? दाबू?"

आचाऱ्याचा अंगठा घड्याळाच्या खटक्यावर तयारच होता. गळ्यात काळी दोरी आणि दोरीला ते मुठीएवढं घड्याळ, शर्यतीच्या मैदानावर असतं तसलं. मावशीने गाजराचे शेवटचे तुकडे सुरीच्या पात्याने लोटून वाडग्यात टाकले, हात पुसले आणि म्हणाली, "दाब."

टक्क.

आता स्वयंपाक सुरू झाला, असं कारखान्याचं म्हणणं. त्याआधी जे काही झालं ते झालंच नव्हतं.

कारखाना उकडलेल्या घेवड्याचा. घेवडा डब्यात भरायचा, डबा बंद करायचा आणि डब्याभोवती कागद गुंडाळायचा. कागदावर दर दोन महिन्यांनी नवी पाककृती आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'पाच जिन्नस, दहा मिनिटं!' छापण्याआधी प्रत्येक पाककृती मागच्या छोट्या स्वयंपाकघरात तीनदा करून बघत. फोडणी घालायचा आचारी, घड्याळ बघायचा आचारी, चव घ्यायचाही आचारीच. मावशी धुवायची, सोलायची, निवडायची, चिरायची. एकोणीस वर्षं. कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असे, 'मीठ, तेल, पाणी मोजलेले नाही.' मावशी म्हणायची, "मीठ, तेल, पाणी आणि मी." आचारी हसायचा. दरवेळी हसायचा, कारण माणूस बरा होता आणि दुसरं काय करावं ते त्याला सुचत नसे.

पण खोटं कशाला सांगा, मावशीची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट घड्याळाच्या आधीचा तो वेळ तिला फार प्रिय होता. तो कुणाचाच नव्हता, म्हणून तिचा होता. सकाळी खिडकीतून ऊन तिरपं यायचं आणि लाकडी फळीवर पडायचं. फळीच्या मधोमध सुरीने झिजून झिजून खळगा पडला होता, आईच्या मांडीला पडतो तसा. त्यात ऊन साचायचं. कांद्याची चकती कापली की ती उन्हात आरपार दिसायची, आणि तिच्या कड्या बघता बघता माहेरच्या मागचं तळं दिसायला लागायचं. खडा टाकला की अशाच कड्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सुरी आपली चालतच असायची. हाताला डोळ्यांची गरज उरली नव्हती.

कोबीचा गड्डा हातात घेतला की नवरा यायचा.

तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. जाऊन नऊ वर्षं झाली. एकदा रंगाच्या डब्यांबरोबर काखेत कोबी घेऊन आला होता, तान्हं मूल घेऊन यावं तसा, आणि कोबीच्या पानावर निळ्या रंगाचा अंगठा उमटला होता. तो अंगठा मावशी प्रत्येक कोबीवर शोधायची. सापडायचा नाही. पण तोवर तो स्वतः येऊन उलट्या घातलेल्या रिकाम्या डब्यावर बसलेला असायचा.

"आज काय?" तो विचारायचा.

"घेवडा."

"परत? माणसं मारायला निघालेत काय तुमचे लोक?"

मग ती मनातल्या मनात हसायची आणि पान पानावरून उलगडत, चिरत, बोलत राहायची. मग आचारी विचारायचा, "झालं का मावशी?" आणि टक्क झालं की डब्यावर कुणी नसायचं. मोजलेल्या वेळात तो कधी आला नाही.

असंच चाललं असतं. पण एका संध्याकाळी घरी तो कागद आला.

मावशीचा मुलगा टपाल कचेरीत पत्रं लावायचा. सून चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असायची. ती सात वाजता घरी यायची आणि पायातली चप्पल काढायच्या आधी गॅसकडे बघायची. मावशीने ओट्याला हात लावायचा नाही असा मुलाने नियम केला होता. आईने दिवसभर चिरायचं आणि घरी येऊन पुन्हा चिरायचं हे त्याला बघवत नव्हतं. फार प्रेमळ नियम होता. पोराला आईचे हात दिसत होते, बायकोचे पाय दिसत नव्हते. अशा प्रेमाचा मावशीला पुढे राग आला, तेव्हा मात्र बरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी मुलाला भूक लागली होती. साडेसात वाजले, पावणेआठ झाले. त्याने ओट्यावरचा घेवड्याचा डबा उचलला, फिरवून फिरवून वाचला आणि हसत हसतच म्हणाला, "दहा मिनिटं लिहिलंय गं इथे. तू काय घेवडा पेरून पिकवतेयस?"

सून म्हणाली, होतंच आलंय. कोबी राहिलाय तेवढा.

"आमच्या आईच्या हाताखालून गेलेला कागद आहे हा. आई, दहा मिनिटांत होतं ना?"

मावशी खुर्चीत बसली होती. तिने मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेवरून कळलं नसतं, पण त्याला हवं ते कळलं. सुनेने सुरीचा वेग वाढवला. दोन क्षणांनी सुरी थांबली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि मावशीने उठून बघितलं तर भांड्यातलं पाणी गुलाबी झालं होतं.

मावशीनेच पट्टी बांधली. मुलगा ओशाळला, बाहेरून पाव घेऊन येतो म्हणून निघून गेला. तेव्हा सुनेने खालच्या आवाजात विचारलं, "आई, खरं सांगा. मीच मंद आहे का?"

दाराबाहेर कुणी नव्हतं. एका शब्दात काम झालं असतं. पण एकोणीस वर्षं ज्या कागदासाठी चिरलं तो कागद खोटा आहे, असं तोंडातून काढायचं म्हणजे स्वतःचं घर स्वतःच उकरायचं. मावशीने पट्टीची गाठ मारली आणि म्हणाली, "सवयीने येतं गं. शिकशील."

सुनेने मान डोलावली. तिचा विश्वास बसला, हेच वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी ऊन नेहमीसारखं आलं. मावशीने कांदा कापला. कड्या दिसल्या, पण तळं दिसेना. कड्यांच्या मधोमध एक पट्टी बांधलेलं बोट होतं. तिने कोबी घेतला. डबा रिकामाच राहिला. तिने वाट बघितली, सुरी मुद्दाम सावकाश चालवली, तरी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी नवी पाककृती आली : घेवडा, कोबी, गाजर, कांदा, टोमॅटो. आचाऱ्याने कढई मांडली आणि बाकावर पेपर घेऊन बसला.

मावशी म्हणाली, "घड्याळ दे."

"झालं पण? कुठे काय चिरलंयस?"

"म्हणूनच म्हणते. दे इकडे."

त्याने थट्टा समजून दोरी गळ्यातून काढून दिली. मावशीने अख्खा कोबी, अख्खी गाजरं, मातीसकट कांदे सगळं समोर ठेवलं आणि खटका दाबला.

त्या दिवशी ती जीव तोडून चिरत होती. तिच्याइतकं भराभर त्या कारखान्यात कुणी चिरलं नव्हतं, पुढेही चिरणार नव्हतं. गाजरांची सालं सापासारखी उडत होती. घड्याळ कानाशी टकटकत होतं आणि त्या आवाजात ना तळं, ना नवरा, नुसती भाजी होती. भाजी एवढी असते हे तिला पहिल्यांदा कळलं. आचाऱ्याने पेपर कधी खाली ठेवला ते त्यालाही कळलं नाही. त्याने फोडणी घातली, परतलं, घेवड्याचा डबा उपडा केला, उतरवलं. मावशीने खटका दाबला.

एकेचाळीस मिनिटं.

"आणि भांडी राहिलीच," ती म्हणाली.

आचाऱ्याने तिला समजावून बघितलं. म्हणाला, मावशी, माझी पोरं लहान आहेत. चाचणीच्या तक्त्यावर नेहमी त्याची सही असे, मावशीने ती करू दिली नाही. तक्त्यावर 'वेळ' लिहिलेल्या चौकटीत स्वतःच्या हाताने एकेचाळीस लिहिलं आणि एकटीच जिना चढली. एकोणीस वर्षांत ती वर कधी गेली नव्हती. वरच्या मजल्यावर गालिचा होता.

वरच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, तक्ता वाचला आणि समजूत घालावी तसं बोलल्या.

"मावशी, चिरणं म्हणजे स्वयंपाक नाही. ती तयारी झाली. तयारी कुठेच धरत नाहीत."

"मग तयारी कोण करतं?"

"घरात कोणीतरी असतंच ना."

खोलीत पंखा फिरत होता. मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ते कोणीतरी म्हणजे मी आहे," ती म्हणाली. "आणि माझ्या घरी माझी सून आहे. तिने तुमचा कागद खरा मानला आणि बोट कापून घेतलं. तुमच्या घरी कोण आहे ते मला माहीत नाही. पण कोणीतरी आहे, आणि तिच्या गळ्यात घड्याळ नाही."

मॅडमनी तक्ता पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या की तुमचा मुद्दा बरोबर आहे, यावर विचार करू. आणि त्यांनी खरंच विचार केला, हीच तर मेख आहे. वरच्या लोकांनी एखाद्या बाईचं म्हणणं मनावर घेतलं, की बाईने आपली पिशवी भरायला घ्यावी.

तीन आठवड्यांनी यंत्र आलं. वरून भाजी टाकली की चाळीस सेकंदांत खालून तुकडे, सगळे एका मापाचे. सोललेली, धुतलेली भाजी पिशव्यांतून बाहेरून येणार होती. तिथे ती कोण सोलणार, ते कुणी विचारलं नाही. कोणीतरी असणारच. आता घड्याळ अगदी सुरुवातीला दाबायचं ठरलं. आचाऱ्याने दाबलं. बरोबर दहा मिनिटं. कागद खरा झाला. मॅडम स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, "बघा मावशी, तुमचंच ऐकलं आम्ही." तिला महिनाअखेरीस मोकळं करण्यात आलं.

शेवटच्या दिवशी मावशीने फक्त फळी मागितली. यंत्राला तिचा उपयोग नव्हता. आचाऱ्याने ती कागदात गुंडाळून दिली, आणि दारापर्यंत येऊन स्वतःच्या गळ्यातली दोरी काढून तिच्या हातात कोंबली. यंत्राला त्याचं त्याचं घड्याळ आहे, म्हणाला. मग, "आता 'झालं का' म्हणून कुणाला विचारायचं?" एवढं बोलून वळला तो सरळ आत गेला.

घरी पोचली तेव्हा सून नुकतीच आली होती, चप्पल अजून पायात होती. मुलगा पेपर वाचत होता. मावशीने सुनेला खुर्चीत बसवलं, तिची चप्पल पायाने सरकवून दूर केली आणि मुलगा ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "तू मला विचारलं होतंस, मीच मंद आहे का. तेव्हा मी खोटं बोलले. मला एकेचाळीस मिनिटं लागतात. मला. तुला पाऊण तास लागतो म्हणजे तू चांगली चलाख आहेस."

सून तिच्याकडे बघत राहिली. बोटावरची खूण आता नुसती पांढरी रेघ झाली होती, तिच्यावरून ती अंगठा फिरवत राहिली. तिने पाय उचलून समोरच्या स्टुलावर ठेवले.

मग मावशीने फळी ओट्यावर मांडली, तिच्यावर कोबी ठेवला, मुलाच्या पुढ्यातला पेपर काढून घेतला आणि घड्याळ त्याच्या गळ्यात घातलं.

"घेवड्याचा डबा तिथे आहे," ती म्हणाली. "वाचता येतं ना तुला. कर."

तो हसला. मग कुणी हसत नाही असं बघून उठला. खटका मावशीनेच दाबला. त्याने कोबी एका बाजूने धरला, दुसऱ्या बाजूने धरला, निसटलेला परत पकडून आणला. कांद्याने डोळे भरून आले ते त्याने बाहीला पुसले. गाजरं सरपणासारखी झाली. अर्धा तास झाला तेव्हा टोमॅटो अजून धुवायचे होते. त्याची पाठ दुखायला लागली असावी, तो एकदा सरळ झाला, गळ्यातल्या घड्याळाकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, हे बंद कर ना."

"बंद नाही होत ते," मावशी म्हणाली. "चिर तू."

आणि तो चिरायला लागला. पुढे किती वेळ लागला ते कुणी बघितलं नाही. जेवण झालं. घेवडा जरा लागला होता, सुनेने दोनदा वाढून घेतला.

मावशीने फळी धुतली आणि पाणी निथळायला ठेवण्याआधी क्षणभर ओट्यावर आडवी राहू दिली. खळग्यात पाणी साचलं. वरचा दिवा त्यात उतरला आणि हलला, कड्या उमटल्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. मावशीने फळी हलवली नाही. ओट्याखाली घेवड्याचा रिकामा डबा उलटा पडला होता, तिथून कुणीतरी विचारलं, आज काय?

"आज पोराने केलं," ती म्हणाली, आणि हात पुसायचं विसरून तशीच उभी राहिली.