व्हॅनचा पोळा

चिंधूला आपल्या व्हॅनचा भारी तोरा. त्या काळी सौंसरात असली गाडी किती जणांकडे होती, सांगा! नागपूरच्या सवाऱ्या मारायचा आणि घरच्या बैलजोडीइतकाच तिला जीव लावायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिच्या डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा पेटला. इंजिनातलं तेल संपत आलं की तो पेटतो, हे चिंधूला ठाऊक नव्हतं असं नाही. वाटेत त्यानं तेलाचा डबाही घेतला. घरी पोचला तर त्याची माय, देवकाबाई, बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होती. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं त्यांच्या कानात सांगत होती. उरलेलं तूप तिनं व्हॅनच्या नाकाडालाही चोळलं.

"इलेही आवतण. आता पोळा होईपर्यंत इच्या अंगाले हात लावाचा नाही."

"माय, तेल टाकाचं हाय."

"मंग टाक ना पोळा झाल्यावर. पळून जाऊन राहिलं का तुझं तेल?"

चिंधू हसला आणि डबा सीटखाली सरकवला. अरे शहाण्या, झाकण काढून तेल ओतायला किती वेळ लागतो! पण तेव्हा त्याला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी पूजेला त्यानं गाडी चालू केली. लाल दिवा काही विझेना.

"काहून लाल डोया करून राहिली हे? सणाच्या दिवशी बरं नाही दिसत बाप्पा. मिटव तो," माय म्हणाली.

चिंधूनं खाली हात घालून दिव्याची वायर ओढली. दिवा गेला. मायनं व्हॅनला पुरणपोळी दाखवली, नारळ फोडला, आणि सगळे खुशीत जेवले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. मायची धाकटी बहीण वच्छला नागपूरच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि सारखी "देवकाले बोलवा" म्हणत होती. दोघींचा अबोला कित्येक वर्षांचा. कारण काय, तर पोरीच्या लग्नाचं आवतण द्यायला वच्छला स्वतः आली नाही, दुसऱ्याच्या हाती पत्रिका धाडली. एवढ्यावरून सख्ख्या बहिणी तुटल्या!

"बसनं जाऊ," माय म्हणाली. "आता सुटतेच."

"घरची गाडी असताना बस काहून? बसच्या आधी पोचवतो तुले."

दिवा पेटत नव्हता, म्हणून तेलाची आठवणही झाली नाही. सावनेरच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि जाम झालं. चिंधूनं इंजिनावरची सीट उचलली तर धूर, जळका वास, आणि तो डबा, सील न तोडलेला, गडगडत त्याच्या पायाशी आला.

मागून तीच सौंसरची बस आली. गच्च भरलेली, थांबलीच नाही. सौंसरातून मायला तिच्यात जागा मिळाली असती.

शेवटी एका शेतकऱ्यानं बैल जुंपले. शिंगांचा कालचा रंग ताजा होता. व्हॅन रखडत निघाली. त्यानं चाबूक उचलला तशी माय आतून म्हणाली, "त्याईले मारू नको बाप्पा. त्याईचा काय दोष?"

सावनेरहून दुसरी बस मिळाली, पण नागपुरात पोचेपर्यंत वच्छला गेली होती. "मावशी, आई दाराकडंच पाहत होती," तिची पोरगी म्हणाली. मायनं बहिणीचा गार हात धरला आणि इतक्या वर्षांचं सगळं बोलत बसली. चिंधूला तिथं उभं राहवेना.

परतताना तो म्हणाला, "माय, वायर म्या ओढली."

"'मिटव' कोण म्हणलं? मीच ना. गप राय."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पुढच्या पोळ्यापर्यंत इंजिन दुरुस्त झालं, वायरही जोडली. आदल्या संध्याकाळी माय तुपाची वाटी घेऊन आली. "आधी तेल दाखव," म्हणाली. चिंधूनं इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून दाखवली. तिनं बोट लावून पाहिलं, पदराला पुसलं, आणि मग व्हॅनला तूप चोळलं.

"आज आवतण घे, उद्या जेवाले ये," ती म्हणाली. पण ती गाडीकडे बघतच नव्हती, नागपूरच्या रस्त्याकडे बघत होती. चिंधूनं मान खाली घातली.