थर्झा आजीची जागा

थर्झा आजीला शोधता शोधता ओर्लीनाच्या नाकी नऊ आले होते. धरणाचं पाणी खोऱ्यात चढायला लागलं होतं. नात्यातल्या कुणी दाखवलं तरच थडगं उकरून डोंगरावरच्या नव्या दफनभूमीत न्यायचं, बाकीची पाण्याखाली, असा सरकारी नियम. आजोबांचं थडगं डोंगरावर हलवलं, त्यांच्या दुसऱ्या बायकोचंही. पहिली बायको थर्झा, ओर्लीनाच्या बापाची सख्खी आई, तिचा मात्र पत्ता नव्हता. अर्धं खोरं जिच्या पोटचं, तिच्या नावाचा एक दगड नसावा, या विचारानं ओर्लीनाचा जीव तुटायचा.

गिरणीवाला म्हातारा म्हणाला, ती फेरीवाल्याबरोबर पळाली. हे त्यानं स्वतःच्या आजीकडून ऐकलेलं, आणि त्या आजीच्या जिभेला हाड नव्हतं. मग ओर्लीना डोंगरापलीकडे थर्झाच्या माहेरी गेली. तिथल्या भाऊबंदानं दारातूनच वाटेला लावलं. "आमच्याकडे नाही बाई ती. लग्न करून दिली तेव्हाच तुमची झाली." मेल्यावरही बाईला ना माहेर ना सासर! ओर्लीना रडत परतली.

उरली महाला आत्या, थर्झाची धाकटी लेक. आईचा विषय निघाला की ही तोंडाला कुलूप लावायची. तिचंही सामान त्या दिवशी गाडीवर चढत होतं. ओर्लीनानं तिचा हातच धरला.

"आत्या, थडगी उकरणारी माणसं संध्याकाळी चाललीत. आता तरी बोल, कुठंय ती?"

"मेलेल्यांना कशाला छळतेस? बापाला शब्द दिलाय मी."

"तुझा बाप वर कोरड्यात झोपलाय! आईला बुडू देतेस?"

आत्या मटकन ट्रंकेवर बसली आणि सांगू लागली. घशाच्या साथीत एका आठवड्यात तीन पोरं गेली, तशी थर्झानं ओढा जवळ केला. जीव दिलेल्या बाईला पाद्री दफनभूमीत घेईना. बापानं तिला कुंपणाबाहेर देवदारांखाली पुरलं. वर ना उंचवटा, ना दगड. पोरांकडून शपथ घेतली.

"देवदारांखाली?" ओर्लीनानं तिचा हात सोडला. "आपण जेवायला बसतो तिथं?"

दर मे महिन्यात सगळं कुळ जमायचं, थडग्यांवरचं गवत खरवडायचं, माती रचून फुलं ठेवायचं आणि मग देवदारांच्या सावलीत जेवायचं.

"चादर कोण अंथरायचं गं? मीच ना? जरा इकडेतिकडे सरकवली की मी भांडायचे. तुम्ही म्हणायचात, म्हातारी खडूस आहे. आई होती खाली. वर्षातून एकदा तरी पोरांत जेवू दे, म्हटलं."

खडूस म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसायची ती ओर्लीनाच. तळलेली कोंबडी खाऊन तिनं त्याच गवताला बोटं पुसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओर्लीनाचा नवरा लिआंडर, त्यानं सामान तसंच टाकून गाडी हाकली. खाली जुन्या दफनभूमीशी पोचले आणि ओर्लीना जागीच थिजली. धरणवाल्यांनी खोऱ्यातली झाडं तोडून जाळली होती. देवदार नव्हते, कुंपण नव्हतं, दगड उचलून नेलेले. काळ्या बुंध्यांचं नुसतं रान, आणि खालच्या बुंध्यांत पाणी शिरलेलं.

"कुठं खणू?" मुकादमानं विचारलं. "बोट दाखवा फक्त."

आत्या एका बुंध्यापासून दुसऱ्याकडे धडपडत गेली. "हा. नाही, थांब रे, सावली अशी पडायची... तो पलीकडचा."

त्यांनी खणलं. पिवळी, टणक, कधी फावडं न लागलेली माती. दुसरीकडे खणलं, तिसरीकडे खणलं, तीच माती. आत्या हातांनी उकरायला लागली. ओर्लीनाही शेजारी गुडघे टेकून उकरू लागली, नखं फुटली तरी थांबेना. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"बाई, पाणी आलं. माझी माणसं न्यायला हवीत."

खणणारे गेले. लिआंडर हळूच म्हणाला, "आत्या, चल आता." आत्या उठेना. चिखलाचे हात मांडीवर ठेवून ती रिकाम्या खोऱ्याकडे पाहत राहिली. शेजाऱ्यांची घरं उतरवून नेलेली, गिरणी मोडलेली, माणसाचा मागमूस नाही.

"लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसले गं जन्मभर," ती म्हणाली. "कुठं आहेत ते लोक?"