खेकड्यांचे वाटे

गुंडूनं रश्श्याचं भांडं चुलीवरून उचललं, परसातल्या खड्ड्यात उपडं केलं आणि फावड्यानं वर माती लोटली. कोंबड्या उकरतील म्हणून दगडही ठेवला. त्याची बायको मालुबाई पळी हातात धरून बघत राहिली.

"अवो, डोकं फिरलंय काय? टोपलीभर खेकडं घावलतं."

"काठावर पडलं हुतं न्हवं? भर उन्हात?"

"व्हय. हलतबी नव्हतं फारसं."

ओढ्याकाठी तसेच आणखी खेकडे पडलेले बघून गुंडू शेतातून धावत आला होता. काल भातावर अळीचं औषध मारून त्यानं पंप ओढ्यात धुतला होता. माप डब्यावर लिहिलेलं, थेंबभरही जास्त नाही. सत्तर सालापासून, म्हणजे सात वर्षं, तो हेच औषध मारत होता. खेकड्यांना कधी काही झालं नव्हतं. मग यंदाच काय झालं, हे त्याला कळेना, आणि त्यामुळं भीती आणखीच वाढली.

"आणि कुणाला दिलंस?"

"नागोजीभावजींकडं आनी आक्काताईंकडं. दरवर्षी देतोय की वाटं."

गुंजीसारख्या लहान गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. ओढा नासवला म्हणून उद्या सगळं गाव तोंडात शेण घालणार. तरी गुंडूनं शेजारी जाऊन नागोजीची कडी वाजवली, आणि नागोजीनं दार उघडलं.

"खेकडं खाल्लासा काय रं?"

"न्हाय." नागोजीनं नजर चुकवली. "पुरलं."

"का?"

"काल मी बी पंप धुतला. वरच्या अंगाला. करप्याची पावडर हुती. नेहमीचीच. मला वाटलं, माझ्याच हातनं झालं."

"मी खाली अळीचं धुतलं."

इतकी वर्षं दोघांनी आपापल्या दिवशी पंप धुतले होते. एकाच दिवशी कालच पहिल्यांदा, आणि दोन्ही औषधं पाण्यात एकत्र झाली होती.

"आक्काला सांगितलंस?" गुंडूनं विचारलं.

नागोजीनं मान खाली घातली. गुंडूला त्याचा राग आला, आणि मग स्वतःचा. नागोजीनं दार उघडलं नसतं तर आपणही परत फिरलो असतो, हे त्याला ठाऊक होतं.

दोघं जवळजवळ पळतच गल्लीच्या टोकाला गेले. आक्काताई उंबऱ्यात उभी होती.

"बरं झालं आलासा. या, बसा. नातवंडास्नी आत्ताच वाढलंय."

गुंडू वहाणांसकट आत शिरला. मागून नागोजीचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

"आक्का, ताटं उचल. ओढ्यात आम्ही इख कालवलंय, दोघांनी."