तिसरी प्रत

डोळेमिटेबाबांच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाबा डोळे मिटून समोरच्याचं कपाळ धरायचे आणि न विचारता आजार सांगायचे. "तुझी साखर वाढलीय!" "तुझा मणका सरकलाय!" वर मंतरलेल्या पाण्याची बाटली. "चाकू लावू नकोस, बाळा. चाकूने आजार चिडतो!" चिडलेला आजार कुणी पाहिला होता देव जाणे, पण माना मात्र सगळ्यांच्या डोलायच्या.

समोर सरकारी दवाखान्याच्या खिडकीत नर्सबाईचा जळफळाट चालला होता. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आता विम्याचं कार्ड फुकट, ऑपरेशनही फुकट. लोक तिच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे, शेजारी झेरॉक्स काढायला जायचे आणि तिथून थेट बाबांकडे. परत येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपण घसा कोरडा करायचा आणि नमस्कार त्या ढेरपोट्याला!

त्यात भर म्हणजे सासूबाई. पित्ताशयात खडा, गुरुवारी ऑपरेशन. तो नळीत अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बाबांनी न सांगता ओळखलं, तर मी गुरुवारी येणार नाही," फॉर्म भरून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"आई, बारा वर्षं तुमचं बीपी मी बघते!"

"तू मशीन बघतेस गं. ते माणूस बघतात."

नर्सबाईला हे फारच झोंबलं. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्यामागून गेली.

बाबांनी सासूबाईंचं कपाळ धरलं. "माई, तुझी प्रोस्टेट ग्रंथी सुजलीय!"

सासूबाईंनी बाटली घेऊन हात जोडले. नर्सबाई मात्र पोट धरधरून हसत सुटली.

"अहो, ती ग्रंथी बायकांना नसतेच! पुरुषांना असते!"

"सुजलीय ती माझी!" रांगेतले निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले.

नर्सबाईने कपाळावर हात मारला. "हो काका, चूक माझीच. सकाळी या रांगेकडे बघून जळत बसले आणि तुमचा आजार आईंच्या फॉर्मवर लिहिला. ही चूक फक्त त्या कागदावर आहे. मग बाबांना कशी कळली?"

काकांनी बाबांची गादी उचलली. खाली फॉर्मचा गठ्ठा! झेरॉक्सवाला लोकांना दोन प्रती द्यायचा आणि तिसरी इथे पोचवायचा. बाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते.

सासूबाईंनी गठ्ठ्यातून आपला फॉर्म काढून घेतला. मग म्हणाल्या, "लबाड होता, पण दोन शब्द प्रेमाने बोलायचा. तू खिडकीत मान वर करत नाहीस."

नर्सबाईचे डोळे भरले. "खरंय, आई." मग ती लोकांकडे वळली. "कुणी न सांगता ओळखलं, की आधी विचारा, याला सांगितलं कुणी? माझ्यावर रागवा, भांडा, पण ऑपरेशनची तारीख चुकवू नका. पाण्याने खडा विरघळत नाही."

सासूबाईंनी हातातली बाटली तिथेच ठेवली.

"चल, फॉर्म नव्याने लिही. आणि या वेळी माझ्याकडे बघून लिही."