वरून सोडलेली धार

"धार वरून सोडायची, सूनबाई. तांब्या त्याच्या ओंजळीला लागता कामा नये."

लग्न होऊन आल्या आठवड्यातच सासूने चंद्रकलेला हे शिकवलं होतं. सासू कधीच देवाघरी गेली, पण चंद्रकलेचा हात ते विसरला नव्हता.

धारापानीच्या थांब्यावर रेल्वे घरांच्या उंबऱ्यांना घासून जाई. पाठीवर खोगिरासारखी टाकी घेतलेलं बुटकं इंजिन डोंगर चढून धापा टाकत थांबे आणि धनवीर गजमेर टाकीवर चढून तीत पाण्याची सोंड सोडी. धनवीर जातीने कामी, म्हणजे लोहार. त्याच्या हातचं पाणी वरच्या आळीत कुणाला चालत नसे. इंजिनाला चाले. तेच पाणी उकळून फायरमनच्या नळीतून बाहेर आलं की थंडीत वरच्या आळीतल्या बायका बादल्या घेऊन धावत. त्यानेच अंघोळी होत, त्यानेच देवाची उपकरणी घासून निघत.

"काकी, तुमची अंघोळ रोज मीच बाटवतो बरं का," धनवीर टाकीवरून म्हणे.

"लोखंडातून आलेल्याला विटाळ नसतो रे," शेजारची विष्णुमाया काकी उत्तर देई. "तू तेवढा खाली उतरू नकोस."

सगळ्या हसत. चंद्रकलाही हसे. तिचा नवरा पदम त्याच इंजिनाचा ड्रायव्हर होता.

रुळांच्या वरच्या अंगाला दगडी तोंडातून बारमाही धार पडे, पण तिथे कामी लोकांनी घागर लावायची नव्हती. धनवीर रोज कामावर येण्याआधी खोल ओढ्यात उतरून म्हाताऱ्या आईसाठी, सानीमायेसाठी, पाणी वर आणी.

त्या दिवशी एकादशी होती. पूजेसाठी धारेचं गार पाणी तांब्यात घेऊन चंद्रकला परतत होती. तिची लहानगी मुना पुढे पळत बायकांच्या घोळक्यात घुसली. बादल्यांची रेटारेटी चालली होती. तेवढ्यात नळी सांध्यातून सुटली आणि कढत पाण्याचा फवारा मुनाच्या दिशेने वळला. धनवीरने टाकीवरून उडी टाकली, पोरीला दोन्ही हातांनी बाजूला लोटलं आणि फवारा स्वतःच्या अंगावर घेतला.

फायरमनने झडप बंद करेपर्यंत धनवीरची कातडी छातीपासून मांडीपर्यंत सोलून निघाली होती. तो रुळांशेजारी पडून पाणी मागत होता.

आणि गावाने पहिल्यांदा काय केलं? विष्णुमाया काकी धावत घरात गेली, सोन्याची अंगठी बुडवलेलं पाणी घेऊन आली आणि ते मुनाच्या डोक्यावर शिंपडलं. कामी शिवला होता ना पोरीला. जी पोर त्या शिवण्यामुळे जिवंत उभी होती, तिला शुद्ध करून घेण्याची घाई झाली होती.

चंद्रकला तांब्या घेऊन पुढे झाली. त्याच्याजवळ पोचली आणि तिचा हात आपोआप वर उचलला गेला. धार वरून पडली. धनवीरचे हात भाजलेले, ओंजळ होईना. पाणी हनुवटीवर आदळून खडीत मुरलं. तांब्या रिकामा झाला, त्याचे ओठ कोरडेच राहिले.

फायरमनने गोधडी मागितली तर काकीने कोळशाचं पोतं पुढे केलं. गोधडी मग टाकून द्यावी लागली असती. फायरमनने त्याला पोत्यावर उचलून डब्यात ठेवलं.

"भाउजू," धनवीर चंद्रकलेला कसाबसा म्हणाला, "माझी म्हातारी आमा ओढ्यात उतरू नाही शकत."

"तिचं पाणी मी भरीन," चंद्रकला सगळ्यांदेखत म्हणाली. पदमने गाडी सोडली.

संध्याकाळी पदम परतला तो थेट अंगणात बसला. खरसांगचं इस्पितळ येण्याआधीच धनवीर गेला होता. वाटेत पाणी मागत होता, पदमने गाडी थांबवून आपली बाटली त्याच्या तोंडाला लावली होती.

"चांगलं केलंत," चंद्रकला म्हणाली.

"मग ती बाटली मी दरीत फेकली," पदम म्हणाला. "कुणी सांगितलं नव्हतं. फेकली."

तिला नवऱ्याची किळस आली, आणि सकाळी उचलल्या गेलेल्या स्वतःच्या हाताची त्याहून अधिक.

द्वादशीला तिने देवापुढे दिवा लावला, पण पारणं फेडलं नाही. घागर आणि पूजेचा तांब्या घेऊन ती धारेवर गेली. बायका कुजबुजत होत्या. थांब्याची जागा धुऊन घ्यायचं ठरत होतं, आणि पाणी भरायला आता दुसरा कामी कोण मिळेल याची काळजी चालली होती. कारण गार पाण्याने अंघोळ करायची म्हणजे फार हाल.

विष्णुमाया काकीने भरलेली घागर पाहून विचारलं, "पूजेला एवढं पाणी?"

"सानीमायेकडे नेते."

"तिच्या दारात टेकवलेली घागर या धारेला परत लागायची नाही. सांगून ठेवते."

"मग उद्यापासून ओढ्यातून नेईन, काकी," चंद्रकला हळूच म्हणाली. "तिच्या हातचं पाणी पिऊनच आज पारणं फेडायचंय मला."

काकीने पदर नाकाला लावला. चंद्रकलेने घागर पाठीवर घेऊन तिचा पट्टा कपाळावर घेतला. हातात पूजेचा तांब्या रिकामाच होता. तो सानीमायेने भरून द्यायचा होता. रूळ ओलांडून ती खालच्या पायवाटेने कामी वस्तीकडे उतरू लागली.